गर्दी आणि गल्ला

दौंड तालुक्यात केडगावच्या आसपास गुऱ्हाळं पुष्कळ आहेत. समजा, त्यातल्या एका गुऱ्हाळाचा मालक गावातल्याच रील करणाऱ्या एका पोराला गाठतो. पोरगं हुशार आहे. गुळव्या काहिलीतला रस ढवळतोय आणि एक पाहुणा दर दोन मिनिटांनी येऊन विचारतोय, ‘झाला का गूळ?’ शेवटी गूळ होतो तेव्हा पाहुणा चुलवणाशेजारी घोरत पडलेला असतो आणि गुळव्या त्याच्या उशाला ढेप ठेवून निघून जातो. वीस सेकंदांचं रील. आठवड्यात १० लाख व्ह्यूज. मालकाचा फोन वाजतच राहतो. पाहुणे, वर्गमित्र, पलीकडच्या गावचे सरपंच, सगळे म्हणतात, ‘पाहिलं बरं का तुमचं!’ महिनाअखेर मालक वही उघडतो. गूळ गेल्या महिन्याइतकाच गेलाय.

हा मालक कल्पनेतला आहे. पण तुमच्या ओळखीत मिसळवाला, साडीवाला, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचा दुकानदार किंवा अकादमी चालवणारे सर असतील, तर त्यांच्याकडे ही वही थोड्याफार फरकाने सापडेल. मला पडलेला प्रश्न असा: या माणसाची फसवणूक झाली का? झाली असेल तर कोणी केली? रील तर चांगलं होतं. १० लाख माणसं खरंच हसली, खोटं कोणी काही बोललं नाही. तरीही पैसे गेले आणि गूळ गेला नाही.

नैतिक प्रश्नाकडे वळण्याआधी वस्तुस्थितीचा प्रश्न सोडवायला हवा. मजेदार व्हिडिओ खूप पसरला की माल जास्त खपतो, हे खरं आहे का?

हा प्रश्न आपल्याला नवा वाटतो, पण आठवडे बाजारात जडीबुटी विकणाऱ्याला तो रोज पडायचा. टोपलीवर कापड झाकून तो सांगायचा, आत साप आहे, पिशवीत मुंगूस आहे, आता लढाई बघा. गर्दी जमायची. तो बोलत राहायचा, हसवायचा, एखाद्या पोराला पुढे ओढायचा, आणि गोष्ट रंगात आली की नेमकी तिथे थांबवून तेलाची बाटली काढायचा. साप-मुंगसाची लढाई बहुतेक वेळा व्हायचीच नाही. त्याच्या मालाबद्दल मला काडीचाही विश्वास नाही, पण त्याच्या हिशेबाबद्दल आदर आहे. गर्दी आणि गल्ला यांच्यात हातभराचं अंतर होतं. लोक पोटभर हसले आणि बाटली एकही गेली नाही, तर त्याला ते संध्याकाळपर्यंत कळायचं. पुढच्या गावच्या बाजारात तो बोलणं बदलायचा.

तमाशाचंही असंच. तंबूच्या तमाशाला तिकीट असतं, म्हणजे जेवढी डोकी तेवढे पैसे. जत्रेतला तमाशा सुपारीचा असतो. जुन्नर तालुक्यात नारायणगावला गुढीपाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच तिथे जाऊन सुपारी देतात, गाव वर्गणी काढतं आणि जत्रेच्या रात्री सगळ्यांना फुकट बघायला मिळतं. दोन्ही व्यवहार चोख आहेत, कारण पैसे कोण देतोय आणि कशासाठी देतोय हे सगळ्यांना ठाऊक असतं. सुपारी देणारा पंच दुसऱ्या दिवशी ‘तमाशा बघितला त्यांनी आमची ज्वारी का घेतली नाही?’ असं विचारत नाही.

गुऱ्हाळाच्या रीलमध्ये गोंधळ इथेच होतो. देणं सुपारीचं असतं आणि आश्वासन तिकिटाचं.

आता पुरावा पाहू. अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्राध्यापक कॅथरीन टकर यांनी ४०० व्हिडिओ जाहिरातींचा अभ्यास केला. तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. पद्धत औषधाच्या चाचणीसारखी होती. सुमारे २४,००० उत्तरं गोळा केली. निम्म्या लोकांना खरी जाहिरात दाखवली, निम्म्यांना तिच्यासारखाच पण त्या मालाशी संबंध नसलेला व्हिडिओ, आणि मग त्या मालाबद्दलचं मत विचारलं. दोन गटांतला फरक म्हणजे जाहिरातीची पटवून देण्याची ताकद. ही ताकद त्यांनी त्या जाहिरातीच्या एकूण व्ह्यूजशेजारी ठेवून पाहिली, तेव्हा उलटं चित्र दिसलं. दर १० लाख व्ह्यूजमागे पटवून देण्याची ताकद सरासरी १० टक्क्यांनी कमी होती. जी जाहिरात जास्त धावली, ती कमी पटली.

इथे थांबून ‘बघा, व्हायरल म्हणजे फुकट’ असं म्हणायचा मोह होतो. पण त्याच अभ्यासात अपवादही आहेत. ज्या जाहिरातींना व्ह्यूजबरोबर भरपूर कमेंट्स आल्या, त्यांची ताकद टिकली. त्या बघितल्या गेल्या त्या विनोदामुळे किंवा देखणेपणामुळे. धक्का देऊन, डिवचून पसरलेल्या जाहिरातींचं तसं झालं नाही. म्हणजे हसवणं हा दोष नाही. शिवाय या अभ्यासात मोजलं ते लोकांचं मत आणि घेण्याची इच्छा, दुकानातली प्रत्यक्ष खरेदी नव्हे. एझ्गी अकपिनार आणि जोना बर्जर यांचा २०१७ चा अभ्यास याला आणखी एक धागा जोडतो. भावनेला हात घालणाऱ्या जाहिराती जास्त शेअर होतात, माहिती देणाऱ्या जाहिरातींमुळे मालाबद्दलचं मत सुधारतं, आणि दोन्ही साधायचं असेल तर माल गोष्टीच्या आत विणलेला हवा. गोष्टीतून माल काढला आणि गोष्ट तशीच उभी राहिली, तर लोकांना गोष्ट आठवते, माल नाही.

याचं उत्तम उदाहरण अमेरिकेतल्याच ब्लेंडटेक कंपनीचं. २००६ पासून कंपनीचे संस्थापक टॉम डिक्सन स्वतः पांढरा कोट घालून मिक्सरमध्ये काचेच्या गोट्या, गोल्फचे चेंडू, पुढे तर आयफोनही टाकून त्यांचा भुगा करून दाखवत. लोक हसत होते ते मिक्सरच्या ताकदीला. त्यातून मिक्सर काढला तर उरतं काय? कोट घातलेला एक माणूस. या व्हिडिओंनंतर विक्री कित्येक पटींनी वाढल्याचं कंपनीनेच सांगितलं. आपल्या गुऱ्हाळाच्या रीलमध्ये मात्र गुळाऐवजी भजी तळत असती, तरी पाहुणा तेवढाच हसवून गेला असता.

आणि घरचं उदाहरण हवं असेल तर लिज्जत पापडाचा ससा आहेच. शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांचा तो बाहुला दूरदर्शनवर आला आणि एका पिढीच्या तोंडी बसला. मग जाहिरातीने पापड विकला नाही का? विकला असणार. पण क्रम बघा. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन काम सुरू केलं. ससा घरोघरी पोचला तोवर पापड कितीतरी वर्षं दुकानांत पोचलेला होता. ससा बघून हसलेली बाई दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जायची तेव्हा पाकीट समोर टांगलेलं असायचं. सशाने फक्त आठवण करून दिली, आणि आठवण झाली त्या क्षणी माल हाताशी होता. केडगावच्या गुऱ्हाळाचं रील नागपूरच्या, इंदूरच्या, दुबईतल्या माणसाने बघितलं तर त्याने आठवण ठेवून करायचं काय? तो दिलखुलास हसतो, मित्राला पाठवतो आणि पुढे सरकतो. गुऱ्हाळात गूळ निघतो काहिलीच्या मापाने. १० लाख लोकांनी खरंच मागितला असता, तर मालकाची पळता भुई थोडी झाली असती.

तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं: मजेदार व्हिडिओमुळे विक्री कधी वाढते, कधी वाढत नाही, आणि व्ह्यूजच्या आकड्यावरून यातलं काय झालं ते सांगता येत नाही. शेवटचा तुकडा महत्त्वाचा. तो आकडा खोटा नाही, पण तो दुसऱ्याच गोष्टीचा आकडा आहे.

खरं तर तो नेमका कशाचा आहे हेही स्थिर नाही. यूट्यूबने ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट्सचे व्ह्यूज मोजायची रीत बदलली. शॉर्ट सुरू झाला किंवा पुन्हा सुरू झाला की एक व्ह्यू, किती सेकंद बघितला याची अट नाही. नियम बदलला म्हणून त्या दिवशी एकही जादा माणूस हसला नाही, पण आकडे मात्र फुगले.

मग विक्रीवरचा परिणाम थेट का मोजत नाहीत? कारण ते फार अवघड आहे, मोठ्या कंपन्यांनासुद्धा. शिरूर तालुक्यातल्या रांजणगावच्या एमआयडीसीत एलजी, व्हर्लपूल, हायर यांचे कारखाने आहेत. आपल्याकडची घरोघरची फ्रिजं तिथून निघतात. फ्रिज सर्वात जास्त कधी खपतो? उन्हाळ्यात. टीव्हीवर आणि मोबाइलवर जाहिरातींचा धडाका कधी असतो? आयपीएलमध्ये, म्हणजे उन्हाळ्यातच. मे महिन्यात विक्री वाढली तर श्रेय जाहिरातीला द्यायचं की उन्हाला? जाहिरात करणारा जाहिरातीला देणार, हे उघड आहे.

या गुंत्यातून सुटायचा मार्ग एकच, काही लोकांना जाहिरात मुद्दाम न दाखवणं. मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडे ॲपमधलं साधं बटण हलवायचं असलं तरी निम्म्या लोकांना जुनं, निम्म्यांना नवं दाखवून फरक मोजतात. ईबे कंपनीने हेच जाहिरातीबाबत केलं. गूगलवर ‘ईबे’ असं शोधणाऱ्यांना दिसणारी पैसे भरून केलेली जाहिरात त्यांनी काही काळ बंद केली. त्या जाहिरातीवरून येणारे जवळजवळ सगळे लोक खालच्या फुकट दुव्यावरून तरीही आले. ज्यांना यायचं होतं ते येणारच होते, पैसे मात्र त्यांना आणल्याचे जात होते. दुसरीकडे रँडल लुइस आणि जस्टिन राव यांनी २५ मोठे प्रयोग तपासून दाखवलं की माणसामाणसाच्या खरेदीत मुळातच एवढा चढउतार असतो की त्यात जाहिरातीचा परिणाम हरवून जातो. लाखो माणसांवर प्रयोग करूनही पैसे वसूल झाले की बुडाले हे अनेकदा ठामपणे सांगता येत नाही. हे दोन्ही अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतरही ‘एवढे व्ह्यूज म्हणजे एवढा धंदा’ हे वाक्य छातीठोकपणे बोललं जातंच.

आता नैतिक प्रश्नाकडे येऊ. जाहिरात आणि नीती म्हटलं की आपण लगेच बघणाऱ्याचा विचार करतो. त्याला फसवलं का, त्याच्या मनाशी खेळलं का? कायदाही तिकडेच बघतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर कारवाईची सोय आहे. जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन परिषदेने, म्हणजे एएससीआयने, २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सर मंडळींसाठी नियम केले की पैसे घेऊन केलेली पोस्ट असेल तर तसं सांगा. हे सगळं योग्यच आहे. पण आपल्या गोष्टीत बघणाऱ्याचं काहीच गेलेलं नाही. तो वीस सेकंद हसला. त्याच्यावर गूळ घेण्याचं ऋणही नाही. रस्त्यात कोणी गाणं म्हणत असेल आणि आपण ऐकलं, म्हणून त्याच्या चुलत भावाच्या दुकानातून साबण घ्यायला आपण बांधील नसतो.

व्हायरल जाहिरातीचं खरं गिऱ्हाईक म्हणजे पैसे देणारा मालक. त्याला जो माल विकला गेला तो म्हणजे व्ह्यूज. आणि या मालाची पारख करायची सोय त्याच्याकडे नाही.

ही परिस्थिती गुऱ्हाळवाल्याला समजावून सांगायला फार लांब जावं लागत नाही. गुळाला उजळ पिवळा रंग यावा म्हणून अनेक ठिकाणी रसात हायड्रॉस नावाची पावडर टाकतात. पावडर न टाकलेला गूळ तपकिरी, काळपट निघतो. बाजारात वर्षानुवर्षं भाव मिळाला तो पिवळ्या ढेपेला, कारण घेणाऱ्याला आतलं दिसत नाही, रंग दिसतो. रंग काही खोटा नसतो, ढेप पिवळी असतेच. पण पिवळेपणा म्हणजे चांगुलपणा हे जे घेणाऱ्याच्या डोक्यात असतं, त्याचा फायदा घेतला जातो. व्ह्यूजचा आकडा हा जाहिरातीचा पिवळा रंग आहे. तो मालकाच्या डोळ्यात भरतो, चारचौघांत दाखवता येतो, आणि त्याचा आतल्या गोडीशी संबंध असेलच असं नाही. विकणाऱ्याने खोटं बोलायची गरजच पडत नाही. घेणाऱ्याचा गैरसमज आहे तसा राहू दिला की काम भागतं.

माझ्या मते चूक इथे आहे, या राहू देण्यात. समोरच्याचा गैरसमज आपल्याला ठाऊक आहे, तो दूर करणं आपल्या हातात आहे, आणि त्याच गैरसमजावर आपला दर ठरतोय, अशा वेळी गप्प बसणं हे खोटं बोलण्याच्या शेजारचंच घर आहे.

यावर दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही वजनदार आहेत.

पहिला आक्षेप मालकाच्या बाजूने. त्याला विक्रीच हवी होती हे तुम्हाला कोणी सांगितलं? त्याला मान मिळाला. सोयरिकीच्या बैठकीत ‘ते रीलवाले’ म्हणून ओळख निघाली. १० लाख माणसांना त्याने वीस सेकंदांचा आनंद दिला, तो काय वाया गेला? नाही गेला. माणसं हसणं ही स्वतःच चांगली गोष्ट आहे आणि जत्रेची वर्गणी आपण त्याचसाठी देतो. पण वर्गणी देणाऱ्याला ती वर्गणी आहे हे माहीत असतं. दान आणि लुबाडणूक या दोन्हींत पैसे जातात. फरक एवढाच की दान करणाऱ्याने पैसे सोडून दिलेले असतात, आणि लुबाडलेला माणूस अजून परताव्याची वाट बघत असतो. मालक म्हणाला, ‘गूळ नाही गेला तरी चालेल, गावाचं नाव होऊ दे,’ तर विषय संपला. पण त्याला हे म्हणायची संधी तरी मिळायला हवी.

दुसरा आक्षेप रील करणाऱ्या पोराच्या बाजूने. त्याच्यावर एवढं ओझं का? मोठ्या कंपन्यांना जे मोजता आलं नाही ते त्याने कसं मोजायचं? आणि खरं बोलला तर त्याला काम कोण देणार? शेजारच्या गावचा दुसरा पोरगा ‘दुप्पट धंदा करून देतो’ म्हणतोच आहे. ही अडचण खरी आहे. शिकलेल्या, हुशार, हाताला काम नसलेल्या पोरांनी शोधलेला हा धंदा आहे, आणि त्यांच्या कलेची किंमत आहेच. पण ती किंमत कलावंताची आहे, विक्रेत्याची नाही. फडाचा मालक सुपारी घेताना ‘तुमची जत्रा रंगवून देतो’ म्हणतो, ‘तुमची ज्वारी खपवतो’ म्हणत नाही. तेवढं बोलूनही त्याचा फड चालतो.

शिवाय थोडंफार मोजणं इतकंही अवघड नाही. शिरूर उत्तरेला, दौंड दक्षिणेला, आणि बऱ्याच अंतरापर्यंत मधून भीमा वाहते. पैसे भरून रील पुढे ढकलायचं असेल तर कुठल्या भागात दाखवायचं हे ठरवता येतं. महिनाभर ते फक्त दौंडकडच्या लोकांना दाखवा, शिरूरकडच्यांना नको. दोन्हीकडे मागणीसाठी वेगवेगळा फोन नंबर द्या. ढेप घ्यायला आलेल्या प्रत्येकाला ‘कसं कळलं?’ एवढं विचारा आणि वहीत लिहा. नदीवर पूल आहेत, रील हातोहात पलीकडे जाणारच, त्यामुळे हिशेब काटेकोर येणार नाही. संक्रांतीच्या तोंडावर हा प्रयोग करू नका, तेव्हा तिळाबरोबर गूळ आपसूक जातो. आणि खप दुप्पट झाला तर वही सांगेल, शंभरात पाचने वाढला तर सांगणार नाही. तेव्हा प्रामाणिक उत्तर ‘माहीत नाही’ हेच असेल. पण ‘माहीत नाही’ला एक दर असतो आणि ‘नक्की वाढेल’ला दुसरा. दुसऱ्याचा दर लावून पहिला माल देऊ नये, एवढंच.

जे मोजू शकतात त्यांच्यावर जास्त जबाबदारी आहे, आणि ते केडगावात नाहीत. कोणी किती वेळ बघितलं, कुठून बघितलं, पुढे काय केलं याची सगळी नोंद ज्या कंपन्यांकडे आहे, त्यांनी पडद्यावर ठळक अक्षरांत व्ह्यूज दाखवायचं ठरवलं. ठळक काय दिसावं हे कोणीतरी टेबलाशी बसून ठरवलेलं असतं. माझ्या पेशातली माणसंच ठरवतात. मालकाच्या पडद्यावर व्ह्यूजशेजारी ‘यातली तुमच्या दुकानापासून ५० किलोमीटरच्या आत किती’ हा आकडा तेवढ्याच मोठ्या अक्षरांत दाखवला, तर कितीतरी वह्यांतला गोंधळ मिटेल. लहान धंदेवाल्यांचं किती बजेट कमी होईल हाही हिशेब कोणीतरी केला असणार.

आपण बघणारे या सगळ्यातून सुटलो का? ऋण नाही, हे वर म्हटलंच. तरी एक गोष्ट आपल्या हातात आहे. पुढच्या वेळी पुणे–सोलापूर रस्त्याने जाताना एखाद्या गुऱ्हाळाशी गाडी थांबवलीत आणि ढेप घेतलीत, तर तुम्हाला हे ठिकाण कसं कळलं ते मालकाला सांगा. रील बघून आलात तर तसं सांगा, आणि नुसता वास आला म्हणून थांबलात तर तेही सांगा. त्याच्यासाठी ती खरी माहिती आहे, आणि ती फुकट आहे.